रसाची रवानगी

फळ झाडावर असते तोवर त्याच्या मालकीविषयी तंटे होतात, बाजारात आले म्हणजे भावाविषयी होतात, आणि घरात आले म्हणजे ते कापायचे कोणी याविषयी होतात, परंतु त्याच फळाचा रस होऊन तो कागदी डबीत बंदिस्त झाला, की सारे तंटे मिटून “थंड देऊ का साधं?” एवढाच प्रश्न शिल्लक राहतो, आणि तोही दुकानदारच विचारतो. ज्या पदार्थाच्या वाट्याला इतकी शांतता येते त्याच्या पाठीशी मोठी राज्ययंत्रणा उभी असली पाहिजे, अशी शंका कोणाही विचारी माणसास यावी. शंका खरी आहे. झाडापासून दुकानापर्यंत रसाचा जो प्रवास होतो तो पाहिला, तर एखाद्या जुन्या संस्थानातला खलिता इतक्या दप्तरांतून, इतक्या शिक्क्यांनिशी आणि मूळ मजकुरात इतका फेरफार होऊन फिरला नसेल, असे वाटू लागते.

मुळात रस ही अतिशय उतावळी वस्तू आहे. साल शाबूत असेतोवर फळ चार दिवस सभ्यपणे वागते. परंतु एकदा पिळले, की रसाच्या मनात आंबण्याखेरीज दुसरा विचार येत नाही, आणि त्याला त्याच्या कलाने जाऊ दिले तर तो थोड्याच काळात आसवाच्या पदवीला पोहोचतो. रसाला त्याच्या स्वाभाविक महत्त्वाकांक्षेपासून परावृत्त करणे हाच या साऱ्या उद्योगाचा मूळ हेतू होय, आणि इतिहासही त्याला साक्ष आहे. 1869 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, व्हाइनलँड गावी, थॉमस वेल्च नावाचा एक दंतवैद्य राहत असे. चर्चमधील विधीला द्राक्षासव लागे आणि या धर्मशील गृहस्थाला मद्याचा तर तिटकारा. लुई पाश्चर यांच्या उष्णतेच्या उपायाची वार्ता तोपर्यंत जगभर झालीच होती. तिचा आधार घेऊन वेल्चने द्राक्षाचा रस बाटलीत भरला, बाटली उकळत्या पाण्यात ठेवली, आणि न आंबणारा रस तयार केला. सांप्रतच्या अवाढव्य धंद्याचा पाया असा एका दंतवैद्याने घातला, आणि त्यात पुढे इतकी साखर पडली की त्याच्या जातभाईंची ददात कायमची मिटली. द्राक्षांना त्यांच्या मनासारखे होऊ देणारे कारखाने नाशिकच्या बाजूला आहेत, परंतु तो विषय निराळा आणि त्याचे परवाने निराळे.

आपण आपल्या ओळखीच्या आंब्याकडे वळू. हंगामाच्या आरंभी कोकणातला हापूस बाहेर पडतो तेव्हा त्याचा थाट नव्याने नेमणूक झालेल्या मामलेदाराचा असतो. निवडून, पारखून, गवताच्या गादीवर निजवून, पेटीत घालून, डझनाच्या हिशेबाने त्याची वाशीला रवानगी होते, आणि पहिल्या पेटीचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. परंतु मे महिना उतरणीला लागला, आभाळात काळे काही दिसू लागले आणि मुंबईकरांचा पहिला उत्साह ओसरला, की याच हापूसचे ग्रह फिरतात. लहान, डागी, पेटीच्या लायकीचा न ठरलेला सारा माल ‘कॅनिंगला’ जातो, आणि तेथे त्याची डझनावरून किलोवर पदावनती होते. कालपर्यंत ज्याला एकेक करून मोजत होते, त्याला आज प्लास्टिकच्या क्रेटमधून काट्यावर ओततात. कॅनिंगचा भाव काय निघाला, हा त्या दिवसांत रत्नागिरी-देवगडकडे मृग नक्षत्राइतकाच गंभीर विषय असतो. बागायतदार म्हणतो या भावात तोडणीसुद्धा सुटत नाही, कारखानदार म्हणतो गेल्या सालचा माल अजून गोदामात पडून आहे, आणि दोघेही खरे बोलत असल्यामुळे तोडगा निघत नाही. शेवटी पाऊसच मध्यस्थी करतो आणि ती नेहमी कारखानदाराच्या बाजूने करतो.

अशा कारखान्याच्या दारात उभे राहण्याचा योग आला तर प्रथम नाक सुखावते. आत पाण्याच्या हौदात आंबे तरंगत असतात, पुढे ओळीने बसलेल्या बायका देठ उडवून फळ चिरतात, त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत पिवळा लेप बसलेला असतो आणि कपाळावरचा घाम पुसायला म्हणून मनगटाची एक जागा तेवढी कोरडी राखलेली असते. पाव तास हा सुवास स्वर्गीय वाटतो. अर्ध्या तासाने डोके जड होते. आणि तेथे महिनाभर राबणाऱ्या बाईला आमरसाविषयी विचारले तर ती ज्या दृष्टीने आपल्याकडे पाहते, त्या दृष्टीत सर्व उत्तर आलेले असते. चाळणीतून उतरलेला, तापवून डब्यात भरलेला हा हापूसचा गर बहुधा चांगल्या स्थळी पडतो. साडेआठशे ग्रॅमच्या डब्यातून तो पापड, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी यांच्या सोबतीने न्यू जर्सीपर्यंत जातो, आणि दिवाळीच्या दिवशी तेथल्या मराठी घरात पुरीबरोबर वाढला जातो. वेल्चच्या मुलखात आमच्या आंब्याने घातलेली ही परतभेट म्हणावयास हरकत नाही.

परंतु वाण्याच्या दुकानी दहा रुपयांना मिळणाऱ्या पेयात जो हापूस शोधू जाईल त्याच्या पदरी निराशाच येणार. तेथे हापूस नसतो. तेथे तोतापुरी असतो. दिसायला लांबट, टोकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक, आणि पंगतीत हापूस-केसरांच्या शेजारी त्याला कोणी पाट मांडत नाही. पण गर भरघोस, धागा जवळजवळ नाही, चव आंबटगोड, उत्पन्न मुबलक आणि भाव बेताचा, असे ज्या गुणांना कचेरीत किंमत असते ते सारे गुण त्याच्या अंगी आहेत. प्रत्येक दप्तरात असा एक कारकून असतोच, की ज्याचे नाव कोठल्याही पाटीवर नसते, समारंभात ज्याला हार मिळत नाही, आणि जो चार दिवस रजेवर गेला तर साऱ्या खात्याचा कारभार ठप्प होतो. आंध्रातील चित्तूर आणि तमिळनाडूतील कृष्णगिरी हे या कारकुनाचे वतन. जळगावच्या जैन समूहाने आपल्या गावाखेरीज चित्तुरातही आंब्याच्या गराचे कारखाने थाटले ते काही तिकडची हवा मानवते म्हणून नव्हे. हंगामात कारखान्यांच्या फाटकाबाहेर तोतापुरीने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. 2025 साली तर पीक इतके उदंड आले आणि भाव इतका कोसळला की आंध्र सरकारला किलोमागे चार रुपयांची कुमक स्वतःच्या खजिन्यातून जाहीर करावी लागली. ज्या फळासाठी सरकारला तिजोरी उघडावी लागते, त्याचे चित्र मात्र डबीवर छापताना रंगारी हापूसचा गुलाबी गाल आणि केशरी पोट रंगवतो.

फाटकाच्या आत गेल्यावर तोतापुरीला आधी पिकत ठेवतात, मग धुतात, निवडतात, कोय काढतात, आणि यंत्रात घालून त्याचा गर चाळून घेतात. हा गर नव्वद अंशांच्या वर तापवून, लगोलग निववून, बाहेरच्या हवेचा वाराही लागू न देता, निर्जंतुक पिशवीत भरतात, आणि ती पिशवी पोलादी पिंपात उतरवतात. एकेका पिंपात दोनशे किलोंहून अधिक गर मावतो. आंब्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि गिऱ्हाइकाची तहान बारा महिन्यांची, या दोहोंतली तूट हीच पिंपे भरून काढतात. आंबा येथे मुदतबंद कैदी होतो, आणि मागणी येईल तसतशी त्याची सुटका होते.

सुटका होऊन तो पेयाच्या कारखान्यात हजर होतो तेव्हा तेथे पाणी, साखर, आम्लता राखणारे द्रव्य आणि सुगंध ही मंडळी आधीच येऊन बसलेली असतात. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ज्याला फळाचे पेय म्हणावयाचे त्यात फळाचा रस किमान दहा टक्के असला पाहिजे, आणि लिंबाच्या बाबतीत पाच टक्क्यांवरही भागते. शंभर खुर्च्यांच्या सभागृहात आंबा दहा खुर्च्यांवर बसला तरी सभा आंब्याचीच म्हणून कायद्याने मान्य होते, अध्यक्षस्थान त्यालाच मिळते आणि छायाचित्रही त्याचेच निघते. मतांच्या गणनेत इतका थोडका पाठिंबा आणि सत्तेत इतका मोठा वाटा, ही किमया राजकारणातही सर्वांना साधत नाही. काही कारखाने दहाच्या पुष्कळ पुढे जातात हे त्यांच्या न्यायासाठी सांगितले पाहिजे. पण कायद्याला तेवढ्याचीही गरज नाही.

संत्र्याची कैफियत याहून करुण आहे. नागपूरच्या संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली. साल अशी सैल की तिला कापायला शस्त्र लागत नाही. आणि गोडी तर सांगायलाच नको. परंतु या संत्र्याचा रस काढून ठेवला की तो काही वेळाने कडवट होतो. त्याच्या अंगी असलेले एक द्रव्य रसातल्या आम्लाशी गाठ पडताच हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात पालटते. फोड तोंडात टाकताना त्याला तेवढी सवड मिळत नाही, बाटलीत मात्र सवडच सवड. (नागपूरच्या माणसाचा क्रम याच्या नेमका उलट असतो: आरंभी थोडा उग्र, आणि तासाभराने जेवल्याशिवाय उठू न देणारा.) बियाही भरपूर. यामुळे हे संत्रे खाण्यात अजिंक्य आणि कारखान्यात अडचणीचे ठरले. नागपुरातील संत्रा उत्पादकांच्या संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्या ‘नोगा’चे नाव पडले, तो पुढे राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला, आणि संत्र्याच्या नावाने निघालेल्या या घराण्याचे टोमॅटो केचप आज महाराष्ट्राच्या मुदपाकखान्यात सुखाने नांदत आहे.

मग जगभर संत्र्याचा म्हणून जो रस पितात तो कोणाचा? तो बहुतांशी आपल्या मोसंबीच्या भावकीचा. ब्राझीलमधील साओ पावलो प्रांतात या फळांच्या बागा क्षितिजापर्यंत पसरल्या आहेत. तेथे रस काढतात आणि त्यातले पाणी उडवून तो इतका आटवतात, की मूळच्या अकरा-बारा टक्क्यांवरून त्यातील साखर आदी विद्राव्य ऐवज पासष्टाच्या घरात जातो. पाण्याबरोबर सुवासही उडू पाहतो. त्याला वाटेतच अडवून, थंड करून, वेगळ्या भांड्यात जमा करतात. मग हा घट्ट पाक गोठवून सांतोस बंदरातून, खनिज तेलाप्रमाणे टाक्यांच्या जहाजांत भरून, समुद्रापार पाठवतात. ज्या मुलखात तो उतरतो तेथे त्यात काढले तितके पाणी परत घालतात, अडकवून ठेवलेला सुवास परत देतात, आणि रस पुन्हा रस होतो. एका गावी पाणी काढायचे, दुसऱ्या गावी घालायचे, आणि दोन्ही ठिकाणी खर्च दाखवायचा, ही कल्पना कोणा बांधकाम खात्यास आधी कशी सुचली नाही याचे मला नवल वाटते. वस्तुतः हिशेब चोख आहे: पाण्याला जहाजाचे भाडे भरण्यात कोणाचेच हित नाही.

अडचण येते ती पुढे, बारशाच्या वेळी. असा पुन्हा पाणी घालून उभा केलेला रस कैक वर्षे ‘शंभर टक्के फळांचा रस’ म्हणून विकला जात होता. जून 2024 मध्ये प्राधिकरणाने हुकूम काढला की असा दावा डबीवरून आणि जाहिरातींतून काढून टाकावा. छापून ठेवलेली वेष्टने संपवायला 1 सप्टेंबर 2024 पर्यंत मुदत दिली. आणि किलोमागे पंधरा ग्रॅमांहून अधिक साखर वरून घातली असेल तर रसाने आपण गोड केलेला रस आहोत असे उघड सांगावे, हेही बजावले. हुकूम रास्त आहे, आणि उशिरा आला असे माझे मत आहे. शंभरातून पाणी वजा करून पुन्हा शंभर झाले तर बेरीज चुकत नाही हे खरे. पण गिऱ्हाइकाला बेरजेची मधली पायरी दाखवायला लाजायचे कारण काय?

आता डबीविषयी दोन शब्द, कारण या सगळ्या प्रवासात खरी कारागिरी तिच्यात आहे आणि तीच आपण चुरगाळून फेकून देतो. स्वीडनमधील लुंड गावी रुबेन राउसिंग यांनी 1951 मध्ये टेट्रा पॅक कंपनी काढली. ज्याला आपण कागद समजतो त्यात पुठ्ठा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे मिळून सहा थर असतात. पुठ्ठा अंग ताठ ठेवतो, प्लास्टिक ओल रोखते आणि केसाहून पातळ असा ॲल्युमिनियमचा पापुद्रा उजेड व हवा यांना दारातच थोपवतो. निर्जंतुक केलेल्या या वेष्टनात निर्जंतुक केलेला रस निर्जंतुक जागी भरला, की त्याला बर्फाची गरज राहत नाही आणि सहा-सहा महिने तो वाण्याच्या फळीवर फिनेलच्या बाटलीशेजारी निर्धास्त बसू शकतो. भारतात 1985 मध्ये फ्रूटी या वेष्टनातून बाजारात आली, आणि पुढे सहलीला निघालेल्या मुलांच्या तोंडी प्रत्येक कंपनीची डबी फ्रूटीच झाली. पुण्याजवळच्या चाकणला ही वेष्टने तयार होतात; तेव्हा आतला ऐवज कोठलाही असो, अंगरखा पुण्याकडचा असण्याचा संभव पुष्कळ.

डबीच्या पाठीला चिकटवलेली नळी हा मात्र शोकपर्वाचा भाग आहे. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या नळीवर बंदी आली आणि तिच्या जागी कागदी नळी रुजू झाली. हेतू उदात्त आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण या नळीचे टोक रुपेरी भोकावर टेकवून दाबले की प्रथम ती स्वतः वाकते. दुसऱ्यांदा दाबावे तर भोक आत जाते आणि रसाची एक धार नेमकी पांढऱ्या सदऱ्यावर येते. आणि घाईघाईने पिण्यास प्रारंभ करावा तर अर्ध्या डबीतच नळीचे टोक ओठांत मऊ होऊन चपटते. त्यानंतर मुले डबीचा कान फाडून तोंडाला लावतात. प्रौढ माणसे आजूबाजूस कोणी पाहत नाही याची खात्री करून तेच करतात.

कारखान्यातून निघालेली खोकी कंपनीच्या गोदामात, तेथून जिल्ह्याच्या वितरकाकडे, आणि वितरकाच्या टेंपोतून गल्लीतल्या दुकानात येतात. दर आठवड्याच्या ठरल्या वारी कंपनीचा सेल्समन येतो, मोबाइलमध्ये मान घालून “शेठ, किती टाकू?” विचारतो, आणि शेठ “आधीचंच पडलंय” हे वाक्य म्हणतो. ते त्याला म्हणावेच लागते; तो शिरस्ता आहे. मग सेल्समन स्कीम काढतो. बाराच्या पेटीवर एक फुकट, दोन पेट्यांवर आणखी काही, असे करत शेवटी शेठ दोन पेट्या उतरवून घेतो, फुगलेल्या चार डब्या परत देतो, आणि त्या नेमक्या कोणाच्या उन्हात फुगल्या यावर एक संक्षिप्त न्यायचौकशी होते.

कंपनी दुकानदाराला काचेच्या दाराचा फ्रिज देते. त्यात केवळ कंपनीचाच माल ठेवावा अशी अट असते आणि दुकानदाराने ती मान्य केलेली असते. प्रत्यक्षात त्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात इडलीचे पीठ, मधल्या कप्प्यात दुधाच्या पिशव्या आणि प्रतिस्पर्धी कंपनीची सोडाबाटली, खालच्या कप्प्यात शेठच्या घरची कोथिंबीर व सकाळी आणलेला गजरा असतो. आणि ज्या रसासाठी हे शीतगृह उभारले त्याच्या दोन डब्या दाराशी, सेल्समनला बाहेरून दिसतील अशा बेताने, पहाऱ्याला उभ्या केलेल्या असतात. मी या व्यवस्थेला दोष देणार नाही. डबीला थंडीची गरज नाही आणि कोथिंबिरीला आहे, हे स्वीडनच्या संशोधकांनी जे सांगितले त्याचाच शेठने व्यवहारात अर्थ लावला आहे.

या सगळ्या थाटामाटापुढे आपले रसवंतीगृह पाहावे. ऊस फळ नव्हे हे मान्य; पण चरकाला बांधलेली घुंगरे वाजली, आले-लिंबू लावून कांडे आत गेले, “फुल का हाफ” झाले, की उसापासून ओठापर्यंतचे अंतर चार हातांचे. तेथे वेष्टन नाही, मुदत नाही, स्कीम नाही. फक्त बर्फाच्या कुळाची चौकशी करू नये. सार्वजनिक जीवनातही ताज्या रसाची प्रतिष्ठा अद्याप अबाधित आहे. येरवड्याच्या तुरुंगात 26 सप्टेंबर 1932 रोजी गांधीजींनी उपोषण सोडले ते कस्तुरबांच्या हातच्या संत्र्याच्या रसाने, रवींद्रनाथांच्या उपस्थितीत. तेव्हापासून आपल्याकडे उपोषणाला बसणारा पुढारी आणि रसाचा पेला घेऊन येणारा मंत्री अशी जोडी रूढ झाली. परंतु मंत्र्याने डबीला नळी खुपसून ती उपोषणकर्त्याच्या तोंडी दिली, असे दृश्य निदान माझ्या पाहण्यात नाही. दहा टक्क्यांवर उपोषण सुटत नसावे.

माझे म्हणणे डबी घेऊ नका असे मुळीच नाही. एस्.टी. थांब्यावर, भर दुपारी, लेकरू रडत असताना तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. एवढेच करावे, की पैसे देण्यापूर्वी ती उलटी धरावी. घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापण्याची सक्ती आहे, आणि पेयाच्या डबीवर पहिले नाव सहसा पाण्याचे असते. फळाच्या नावापुढे कंसात टक्के दिलेले असतील, तेही वाचावेत. आणि हापूसच हवा असेल तर कॅनिंग सुरू होण्याआधी बाजार गाठावा. तो अजूनही डझनावर मिळतो. पिशवी तेवढी घरून न्यावी.